माझ्या बाजूला ठेवलेली वही

प्रिय स्वल्पविराम,

सात वर्षांनी पत्र लिहायचं आणि सुरुवात टोपणनावाने करायची, हा आगाऊपणा आहे हे मला कळतं. पण तुला खऱ्या नावाने हाक मारली तर मी बँकेतून लिहिते आहे असं वाटेल. ही नावं दिग्दर्शकाने ठेवली तेव्हा तू दोन दिवस फुगून बसली होतीस, आठवतं? तुझं एकही वाक्य संपत नाही म्हणून तू स्वल्पविराम, आणि मी कुणाचंच वाक्य पुरं होऊ देत नाही म्हणून मी पूर्णविराम. नंतर दिवे लावणाऱ्यांपासून चॅनलच्या बाईंपर्यंत सगळे तसंच म्हणायला लागले, आणि आपल्यालाही त्याची सवय झाली. आता मला या नावाने कोणी हाक मारत नाही. पत्ता मेकअपवाल्या काकांकडून घेतला. तू अजून आईच्याच घरात राहतेस, असं ते म्हणाले.

आधी बातमी सांगते. आपली मालिका दुसऱ्या भाषेत नव्याने करताहेत. खाली चष्म्याचं दुकान, वर घर, अप्पा, मोठी, मधला, धाकटी, सगळं जसंच्या तसं. नट तेवढे नवे. त्यासाठी त्यांना मालिकेचं बायबल हवंय. म्हणजे काय ते मलाही विचारावं लागलं. ज्याने आपला एकही भाग पाहिलेला नाही त्याने ते वाचून दुसऱ्या दिवशी लिहायला बसावं, असा दस्तऐवज. कोण कुठे जन्मलं, कोण कुणाशी का बोलत नाही, दुकानाच्या काउंटरमागचं दार कुठे उघडतं, या घरात काय घडू शकतं आणि काय कधीच घडू शकत नाही. त्यांच्याकडच्या एका मुलीने मला छापील नमुना पाठवला. फार गोड मुलगी आहे. फोनवर म्हणाली, मॅडम, तुमचं आधीचं असेलच ना, तेच पाठवा. मी म्हटलं, हो, बघते. आता तिला काय सांगू? अकराशे सेहेचाळीस भाग आपण बायबलशिवाय लिहिले. आपल्याकडे माझी लाल वही होती, तुझी निळी वही होती आणि तुझी आई होती.

तिसरं सगळ्यात भरवशाचं होतं. मधल्याचा डावा हात प्लास्टरमध्ये घालून आपण विसरलो, आणि तिसऱ्या दिवशी त्याचा उजवा हात गळ्यात दिसला, तेव्हा भाग संपायच्या आत त्यांचा फोन. "अगं, त्याचा हात मोडला होता की तुमची मान?" चष्म्याचं दुकान असलेल्या घरात एकाच्याही डोळ्यांवर चष्मा नाही, हेही त्यांनीच पहिल्यांदा विचारलं. काचेवर दिवे चमकतात म्हणून कॅमेरावाले लावू देत नाहीत, हे मी त्यांना समजावलं, तर म्हणाल्या, मग किराणा मालाचं दुकान काढायचं होतंत. शेवटी आपण अप्पांना बिनकाचेचा चष्मा दिला. बायबलमध्ये मी हे सविस्तर लिहिलंय आणि खाली कंसात लिहिलंय की हा नियम एका प्रेक्षकाने घालून दिला. त्या नव्या मुलीला वाटेल, प्रेक्षक म्हणजे कुणी पाहणीत सापडलेलं माणूस.

गेले तीन आठवडे मी हेच करते आहे. सकाळी नऊला आपल्या त्याच खोलीवर जाते. झेरॉक्सचं दुकान खाली तसंच आहे, जिन्याची सातवी पायरी अजून हलते. टेबल बदललेलं नाही. तुझ्या बाजूच्या खणाला अजून गुडघ्याने दाबल्याशिवाय उघडता येत नाही. तुझ्या खुर्चीवर कागदांचे गठ्ठे ठेवलेत. ते ठेवायला कपाटात जागा आहे, पण रिकामी खुर्ची समोर असली की माझं लिहिणं होत नाही. झेरॉक्सवाल्या बाई अधूनमधून विचारतात, दुसऱ्या ताई कुठे असतात सध्या? मी सांगते, बाहेरगावी. सात वर्षं झाली. त्यांनी आता विचारायचं सोडून द्यावं असं मला वाटतं, आणि एखाद्या महिन्यात विचारलं नाही तर चुकल्याचुकल्यासारखं होतं.

त्या छापील नमुन्यात प्रत्येक पात्राला एक पान आहे. वय, सवय, स्वप्न, भीती, गुपित. मग दोन रकाने: "सध्या कुठे आहे" आणि "परत येऊ शकते का". पहिल्या रकान्याने माझी विकेट काढली. आपल्या मालिकेत एकोणतीस माणसं बाहेरगावी गेली आहेत. शेजारचे मास्तर बाहेरगावी, मधल्याचा मित्र बाहेरगावी, लेन्स घासणारा म्हातारा बाहेरगावी, त्याला बघायला गेलेली त्याची सूनही बाहेरगावी. नट सोडून गेला की आपण माणूस गाडीत बसवायचो आणि हात झटकायचो. आता वाटतं, ते बाहेरगाव एव्हाना चांगलंच भरलं असेल, सगळे एकमेकांना ओळखत असतील, आणि संध्याकाळी बसून आपल्या दोघींच्या नावाने बोटं मोडत असतील. एका दुपारी हा विचार येऊन मी एकटीच मोठ्याने हसले, आणि हसू थांबल्यावर खोली फारच शांत वाटली.

दुसरा रकाना भरायला मात्र सोपा होता, कारण तुझा नियम होता. पहिल्या महिन्यातच तू भिंतीवर चिकटवलास: या घरातून बाहेर पडणारा माणूस "येतो" म्हणेल. दुकानाचा उंबरा ओलांडायचा असो की समुद्र, "येतो" म्हणायचं. ज्याला आपण कधीच परत आणणार नाही, त्याच्याच तोंडी "जातो" घालायचं. मी तेव्हा तुझी टर उडवली होती. म्हटलं, कुणाच्या लक्षात येणार आहे एवढं? सगळ्यांच्या आलं. लोक पत्रं लिहायचे, मास्तर "येतो" म्हणाले म्हणजे काळजी नाही. तुझी आई तर तेवढ्याच शब्दासाठी कान टवकारून बसायची. त्यामुळे परवा एकोणतीस जणांचे निरोपाचे प्रसंग काढले, आणि "येतो"पुढे "हो", "जातो"पुढे "नाही" असं भराभर लिहीत गेले. अठ्ठावीस पानं झाली. एकोणतिसाव्याशी घोडं अडलं. धाकटीशी.

तुला माहीत आहे मी कशाबद्दल बोलते आहे, पण ते मला माझ्या हाताने लिहायचंय. तू तुझ्या आईपाशी दवाखान्यात होतीस. दुसरा आठवडा चालू होता. धाकटीचं काम करणाऱ्या मुलीला सिनेमा मिळाला आणि दोन दिवसांत तिला घराबाहेर काढायचं ठरलं. तू जाण्याआधी आपलं बोलणं झालं होतं: ती शिकायला जाईल, मोठीला मिठी मारेल, "येते" म्हणेल. तू तसं लिहूनही ठेवलं होतंस. मग चॅनलचा फोन आला की निरोप हलका वाटतोय, प्रेक्षक रडले पाहिजेत. मी तुझ्या कागदावर एका अक्षरावर काट मारली. "ये"चं "जा" केलं. फोन करून तुला विचारता आलं असतं. तू आधीच आईच्या काळजीत आहेस, कशाला त्रास द्यायचा, असं मी स्वतःला सांगितलं. खरं कारण असं की तू नाही म्हणाली असतीस.

भाग लागला, लोक रडले. दुसऱ्या दिवशी दुपारी तू आलीस. केस विंचरलेले नव्हते आणि दवाखान्याचा पास गळ्यातच होता. तू रागावली असतीस तर बरं झालं असतं, भांडणात मी कुणाला ऐकत नाही. तू एवढंच म्हणालीस, "आईनं पाहिलं, ती विचारत होती, धाकटी आता नाही का गं येणार," आणि मग, "एक फोन येऊ दे तिचा, तिचा आवाजसुद्धा नको, मोठीनं नुसतं ऐकायचं, एवढंच लिहू," आणि मी म्हणाले की पुढचे भाग चित्रित होऊन पडलेत, आता काही होणार नाही. तेवढ्यात चॅनलच्या बाईंचा फोन आला. कौतुकाचा होता. मी तो घेतला आणि तुझ्याकडे पाठ करून खिडकीपाशी गेले. बराच वेळ बोलले, कारण कौतुक ऐकायला मला आवडतं आणि मागे वळायला नको होतं. वळले तेव्हा खोलीत तू नव्हतीस. तुझी निळी वही तेवढी टेबलावर माझ्या बाजूला होती.

चित्रित झालेले भाग फक्त सहा दिवसांचे होते. दुसऱ्या दिवशी मोठीच्या हातात फोन देता आला असता, सातव्या दिवशी तो पडद्यावर दिसला असता. तुझी आई त्यानंतर एकोणीस दिवस होती. मी हे गणित तेव्हाच केलं होतं, नंतर नाही.

आणि मी आले नाही. मेकअपवाल्या काकांनी सेटवर येऊन सांगितलं, तेव्हा मी म्हटलं संध्याकाळी जाते. निघालेही. तुमच्या गल्लीच्या तोंडाशी ते छत्री दुरुस्तीचं दुकान आहे ना, तिथपर्यंत आले. तुमच्या दारासमोर चपला दिसत होत्या, माणसं उभी होती. मी दुकानदाराला उगाचच विचारलं, छत्रीची काडी मिळेल का. तो म्हणाला, छत्री कुठाय? मी परत फिरले. घरी येऊन वाटलं, दहाव्या दिवशी जाऊ. मग तेराव्या. मग इतके दिवस झाले की येण्याचं कारण सांगण्यापेक्षा न येण्याचं कारण सांगणं सोपं झालं, आणि मी मूग गिळून बसले. ज्या बाईने मला चार वर्षं फोनवरून मुलीसारखं रागावलं, तिला मी शेवटचं पाहायला आले नाही.

लोकांनी विचारलं तेव्हा मी काय सांगितलं ते ऐक. दिग्दर्शकाला, चॅनलला, मेकअपवाल्या काकांना, सगळ्यांना मी सांगितलं की ती दारात उभी राहून "जाते" म्हणाली आणि गेली. म्हणजे झालं, परतीचा रस्ता तिनेच बंद केला, तिच्याच नियमाने. ऐकणारे मान डोलवायचे. इतक्या वेळा सांगितलं की मला तुझा आवाजही ऐकू यायला लागला. पण जाताना तू काहीच म्हणाली नव्हतीस. मी फोनवर होते. तो संवाद मी लिहिलेला आहे, स्वल्पे. अकराशे सेहेचाळीस भागांत माझ्या हातून एवढा बिनचूक खोटा संवाद दुसरा झाला नाही.

घरी मी एकटीच असते, तुला कल्पना असेलच. सकाळी बाहेर पडताना दाराला कुलूप लावते आणि तोंडात येतं, "येते." आत कोणी नाही. एकदा समोरच्या काकूंनी ऐकलं आणि विचारलं, पाहुणे आलेत का? मी हो म्हटलं. मग संध्याकाळी दोन माणसांची म्हणून दोन केळी जास्त घेऊन वर गेले, त्यांना दिसावीत अशी. हसू नकोस. किंवा हस.

आता निळ्या वहीचं. ती त्याच दुपारी मी कपाटाच्या खालच्या खणात टाकली, वर जुन्या पटकथा रचल्या. ती उघडली कधी, तर गेल्या मंगळवारी. बायबलसाठी धाकटीचं पान भरायचं होतं, आणि धाकटी पहिल्यापासून तुझी, तिची शाळा, तिचा भित्रेपणा, तिने लपवलेली पत्रं, सगळं तुझ्याच वहीत. मनाशी म्हटलं, कामासाठी उघडते आहे, कामाशिवाय नाही. गुडघ्यावर बसून गठ्ठे काढले. वहीला ओल लागलेली नव्हती. धाकटीची जन्मतारीख मिळाली, तिच्या चष्म्याचा नंबरही तू लिहिला होतास, जो चष्मा तिने कधीच घातला नाही. मग सवयीने शेवटचं लिहिलेलं पान उघडलं.

त्या दुपारची तारीख. तुझं घाईतलं, उजवीकडे कललेलं अक्षर. मी खिडकीपाशी फोनवर हसत असताना तू माझ्या मागे बसून तो प्रसंग लिहिला होतास. सगळा. दुकान, दुपार, मोठी काचा पुसते आहे, फोन वाजतो. पलीकडून आवाज नाही. मोठी बोलते: "बोल. हो, ऐकतेय. नाही, तुझ्या कपाटाला कुणी हात लावलेला नाही. अप्पा रोज विचारतात. जेवतेस ना वेळेवर? बरं. बरं. मग ये." फोन ठेवते, तीच काच पुन्हा पुसते. एवढंच. मिनिटभराचा प्रसंग. त्यात नवी नटी नको, नवा सेट नको, नवा कपडा नको. आणि खाली: "तू फोनवर आहेस, म्हणून लिहून ठेवते, हे वाच, जमेल तिथे घाल, आईसाठी आहे, मला परत दवाखान्यात जायचंय, येते,"

शेवटी स्वल्पविराम. मी त्या पानावर बोट ठेवून किती वेळ जमिनीवर बसले होते, ते सांगता येणार नाही. पाय बधिर झाले तेव्हा उठले.

म्हणजे तू वाट पाहिली असशील. रोज संध्याकाळी दवाखान्यातल्या त्या टीव्हीसमोर आईच्या शेजारी बसून, आज फोन वाजेल, आज नाही तर उद्या. तुला वाटलं असेल, मी वाचलं आणि घातलं नाही. सात वर्षं तू हेच समजून आहेस. वाटलं, तुला लगेच कळवावं की मी ते वाचलंच नव्हतं, बघ, चूक झाली, दोघींचा गैरसमज झाला. मंगळवारी रात्री तसं पत्र लिहिलंसुद्धा. अगदी गोड पत्र झालं होतं. सकाळी ते फाडलं, कारण तोही माझा संवादच होता. एक फोनवर असली की दुसरीने वहीत लिहायचं आणि वही तिच्या बाजूला सरकवायची, हा आपला पहिल्या दिवसापासूनचा रिवाज. माझ्या बाजूला वही म्हणजे "वाच". ती वही माझ्या बाजूला होती. मला कळलं होतं की आत काहीतरी लिहिलेलं आहे. मला वाटलं, शिव्या असतील, आणि त्या खऱ्या असतील. म्हणून मी ती उघडली नाही. चुकून नाही, स्वल्पे, घाबरून. तुझ्या आईला तो फोन ऐकू आला नाही, तो माझ्यामुळे.

बायबल शुक्रवारी द्यायचंय. मुखपृष्ठावर लेखन म्हणून आपली दोघींची नावं घातली आहेत, तुझं आधी. यावर वाद घालायचा असेल तर समोर बसून घाल. धाकटीच्या पानावर तुझा फोनचा प्रसंग जसाच्या तसा उतरवलाय आणि "जाते" हा शब्द लेखिकेची चूक म्हणून खोडलाय. एकच रकाना रिकामा आहे, "परत येऊ शकते का". तो मला भरता येत नाही, तो माझा नाही. म्हणून हे पत्र आधी पाठवते आहे, म्हणजे तुला नको असेन तर दार न उघडण्याची तयारी करायला तुझ्याकडे दोन दिवस असतील, आणि मला राग येणार नाही. दार उघडलं नाहीस तर वही पायरीवर ठेवीन, तुझ्या बाजूला. छत्रीच्या दुकानाशी थांबणार नाही. या वेळी छत्रीही घेऊन निघते आहे, म्हणजे त्याला विचारायला काही उरायचं नाही. गुरुवारी दुपारी, मी येते,

तुझीच,
पूर्णविराम